मदत हवी आहे: ट्यूबलेस केलेल्या मागच्या चाकातली हवा रात्रीत उतरते, ३०० किमीची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) तोंडावर आहे

साताऱ्याची_सायकल

नमस्कार मंडळी,

जाणकारांचा सल्ला हवा आहे. मी साताऱ्यात राहते. एरवी सकाळी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या बाजूला जाते, सुट्टीच्या दिवशी हायवेने वाई आणि पुढे पसरणी घाट. घाटात पंक्चर फारसं होत नाही, सगळा त्रास हायवेच्या कडेच्या पट्टीवर होतो. ट्रकचे टायर फुटतात आणि त्यातल्या केसासारख्या बारीक तारा तिथेच पडून राहतात. डोळ्यांना दिसत नाहीत, टायरमध्ये मात्र बरोब्बर घुसतात. गावाकडच्या रस्त्यांवर बाभळीचे काटे आणि सराटे आहेतच. म्हणून नवीन चाकं घेताना ट्यूबलेस करायचं ठरवलं.

चाकांची माहिती: ट्यूबलेस-रेडी रिम, आतली रुंदी २१ मिमी, टायर ७०० x २८, टायरवरही ट्यूबलेस-रेडी लिहिलेलं आहे. दोन्ही चाकं दुकानातूनच बसवून घेतली. पुढचं चाक उत्तम, आठवड्याला जेमतेम थोडी हवा भरावी लागते. मागचं मात्र रात्री ७० पीएसआय करून ठेवलं की सकाळी २५ वर आलेलं असतं. वरून आणखी सीलंट (टायरच्या आत घालायचं, भोकं बुजवणारं पातळ द्रव्य) घातलं, चाक आडवं धरून हलवलं, दोन्ही कुशींवर ठेवून पाहिलं. काही फरक नाही. टायरवर कुठे ओल दिसत नाही, काटा सापडत नाही.

हवा जाते कुठून हे कसं शोधायचं? दुसरं, रिमवर 'कमाल दाब ५ बार' असं छापलंय. आधीच्या सायकलला मी १०० पीएसआय भरायची, त्यामानाने हे फारच कमी वाटतं. माझं वजन ६० किलो आहे. आणि तिसरं म्हणजे पुढच्या महिन्यात ३०० किमीची बीआरएम आहे. २० तासांची मुदत, त्यातले बरेच तास अंधारातले. असं चाक घेऊन जायची हिंमत होत नाही. तोवर सरळ ट्यूब घालून टाकू का?

घाटचक्र

ताई, टायर सोडा, आधी रिमकडे बघा. टायर कोरडा आहे, सीलंट भरपूर आहे आणि तरीही रात्रीत ४५ पीएसआय जातात, तेव्हा दहापैकी नऊ वेळा रिमच्या आतून स्पोकची भोकं झाकणारी टेप किंवा व्हॉल्व्ह सुटलेला असतो. सीलंट टायरमधली भोकं बुजवायला असतं. टेपखालून हवा सरकली की ती रिमच्या पोकळीत जाते आणि तिथून मिळेल त्या वाटेने बाहेर पडते, म्हणून टायरवर तुम्हाला काही दिसत नाही.

तपासायचं असं. ७० पर्यंत हवा भरा. भांडी घासायचा साबण पाण्यात कालवून ब्रशने लावा, टायर आणि रिमच्या सांध्यावर दोन्ही बाजूंनी, व्हॉल्व्हच्या मुळाशी आणि प्रत्येक स्पोक जिथे रिममध्ये शिरतो तिथे. घाई करू नका, बारीक गळती असेल तर बुडबुडा यायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. सांध्यावर फेस आला तर टायरची कड नीट बसलेली नाही किंवा तिथे कचरा अडकलाय. स्पोकच्या मुळाशी आला तर टेप. व्हॉल्व्हच्या नटाखालून आला तर व्हॉल्व्ह, किंवा व्हॉल्व्हच्या भोकापाशी फाटलेली टेप. स्पोकपाशी बुडबुडे दिसले म्हणून गळती नेमकी त्याच स्पोकखाली आहे असं मात्र धरू नका. रिम आतून पोकळ असते, हवा एकीकडून शिरून दुसरीकडून निघते.

व्हॉल्व्हचा नट हाताने जेवढा आवळता येतो तेवढाच आवळा, पक्कड लावू नका. रस्त्यात ट्यूब घालायची वेळ आली तर तो नट बोटांनी सुटला पाहिजे.

रात्रपाळी

मी वेगळं मत मांडतो. बीआरएम महिन्यावर आली असेल तर ट्यूब घाला आणि निवांत जा. मी पुणे-कोल्हापूर रस्त्यावर बरीच वर्षं ट्यूबवर चालवतोय. हल्ली टीपीयूच्या (पातळ प्लास्टिकसारख्या) ट्यूब मिळतात, एकीचं वजन ४० ग्रॅमच्या आत-बाहेर, खिशात दोन ठेवल्या तरी जाणवत नाहीत. ट्यूब बदलणं प्रत्येकाला येतं. ट्यूबलेसमध्ये मोठी चीर पडली की सीलंट अंगावर उडतं, टायर घट्ट बसलेला असतो, अंधारात कड सुटता सुटत नाही. बीआरएममध्ये स्वतःची मदतगाडी फक्त कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदीच्या ठिकाणी चालते, मधल्या रस्त्यावर नाही. तिथे आपल्या हाताला जे जमतं तेच कामाचं.

ट्यूबलेस वाईट आहे असं मी म्हणत नाही. घरी चार वेळा उघडून बसवल्याशिवाय ते घेऊन लांब जाऊ नये, एवढंच.

साताऱ्याची_सायकल

दोघांचेही आभार. साबण लावून पाहिला. सांध्यावर काही नाही. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला ओळीने तीन-चार स्पोकांच्या मुळाशी बारीक फेस येतोय. मग टायर उघडून टेप मोजली, ती २१ मिमी रुंद आहे. रिमच्या तळाशी बसलीय, पण एका बाजूने कड उचललेली आहे आणि तिच्याखाली सीलंट शिरून वाळलंय. पुढच्या चाकाची टेप मात्र रुंद दिसते, ती दोन्ही भिंतींवर थोडी चढलेली आहे.

घाटचक्र

मग सापडलं. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा २ ते ४ मिमी जास्त हवी. तुमच्या २१ च्या रिमला २३ ते २५ ची टेप. दोन्ही भिंतींवर ती किंचित चढली की टायरची कड तिच्यावर येऊन दाबून बसते आणि टेप उचलायला जागाच राहत नाही. २१ ला २१ लावली की टेपची कड उघडी पडते.

आता हे काम स्वतःच करा. जुनी टेप पूर्ण काढा, तिच्यावर नवीन चढवू नका. रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, औषधाच्या दुकानात मिळतं. पुसल्यावर रिमच्या तळाला बोट लावायचं नाही, बोटाचा तेलकटपणाही टेपला पुरतो. व्हॉल्व्हच्या भोकाच्या वीतभर अलीकडे सुरू करा, पूर्ण फेरा मारा आणि भोकाच्या वीतभर पलीकडे संपवा, म्हणजे भोकावर दोन थर येतात. लावताना टेप चांगली ताणून ठेवा. रिमच्या मधोमध जी खोल नाळ असते तिच्यात टेप तळापर्यंत चिकटली पाहिजे, मध्ये अधांतरी राहिली तर हवेच्या दाबाने ताणून फाटते. नंतर कापडाने दाबत एक फेरा.

पुढची पायरी बरेच जण गाळतात आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. टेप लावली की लगेच सीलंट घालू नका. आधी व्हॉल्व्हच्या भोकावर टेपला तापवलेल्या दाभणाने गोल छिद्र पाडा, ब्लेडने चीर देऊ नका कारण चीर पुढे पसरते. मग साधी ट्यूब घालून टायर चढवा, ६० पर्यंत हवा भरा आणि रात्रभर राहू द्या. ट्यूब टेपला सगळीकडून दाबून बसवते. सकाळी टायरची एकच बाजू सोडवून ट्यूब काढा, दुसरी बाजू बसलेलीच राहू दे. आता व्हॉल्व्ह बसवा आणि सुटलेली कड परत चढवा. कड चढवताना शेवटचा भाग व्हॉल्व्हपाशी येऊ द्या आणि बाकीची कड बोटांनी दाबून त्या मधल्या नाळेत ढकलत राहा. नाळेत व्यास कमी असल्याने तेवढी ढील मिळते. लिव्हर लागलाच तर प्लास्टिकचा, धातूच्या लिव्हरने टेप खरचटते.

कड बसवायला व्हॉल्व्हची सुई (आतला सुटा होणारा भाग) काढून टाका, हवा एकदम आत गेली पाहिजे. कडेला साबणाचं पाणी लावा. एक बाजू आधीच बसलेली असल्याने साध्या उभ्या पंपानेही होऊन जाईल. नाही झालं तर पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर, सायकलच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हवर बसणारा पितळी ॲडाप्टर सोबत न्या. पण ट्रकवाल्या कॉम्प्रेसरवर फार जपून, त्याचा दाब तुमच्या रिमच्या मर्यादेच्या बराच वर असतो. थोडी थोडी हवा, मध्ये मध्ये आपल्या गेजने मोजायचं. कड बसताना फट्-फट् आवाज येतात, घाबरू नका. रिमच्या कडेलगत टायरवर एक बारीक रेघ असते, ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली की बसलं. मग हवा सोडा, व्हॉल्व्हमधून ४० मिली सीलंट घाला, सुई लावा, हवा भरा आणि लगेच पाच-सात किलोमीटर चालवून या.

गोदाकाठ

दाबाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. रिमवर ५ बार छापलंय, म्हणजे तुमची रिम बहुधा हुकलेस आहे. रिमच्या भिंतीवर आतून बोट फिरवून पाहा. वरच्या काठाला आत वळलेलं ओठासारखं काही लागलं तर हुकची रिम, भिंत सरळ गुळगुळीत असेल तर हुकलेस. हुकलेस रिमवर टायरला धरून ठेवणारा तो ओठ नसतो, म्हणून ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय, ही पक्की सीमा आहे. आणि ती पार्क केलेल्या सायकलपुरती नाही. सकाळच्या गारव्यात काठोकाठ भरलं तर दुपारच्या उन्हात दाब आणखी चढतो.

टायरही हुकलेससाठी चालतो असं बनवणाऱ्याने स्पष्ट लिहिलेलाच हवा. साधा ट्यूबचा टायर अशा रिमवर ट्यूब घालूनसुद्धा वापरायचा नसतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूएई टूर शर्यतीत बेल्जियन सायकलपटू थॉमस डी गेंट पडला तेव्हा त्याचा टायर हुकलेस रिमवरून सुटलेला सगळ्यांनी पाहिला आणि व्यावसायिक शर्यतींमध्ये यावर मोठा वाद झाला. तुमची २१ ची रिम आणि २८ चा टायर ही जोडी नेहमीची आहे. टायरच्या कंपनीच्या यादीत एकदा खात्री करून घ्या, म्हणजे काळजी नाही.

६० किलोला तुम्ही ७० भरताय हेच जास्त आहे. पुढे ५५, मागे ६० पासून सुरू करा. यवतेश्वरच्या उतारावर खडबडीत भागात सायकल उड्या मारायची थांबेल आणि वळणावर टायर रस्ता धरून राहील. १०० पीएसआय ही २३ मिमी टायरच्या काळातली सवय आहे. ट्यूबमध्ये कमी दाब ठेवला की खड्ड्यात रिम आणि रस्ता यांच्यामध्ये ट्यूब चिमटली जाते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. इथे चिमटायला ट्यूबच नाही. ट्यूबलेसचा खरा फायदा मला तरी हाच वाटतो, पंक्चर बुजणं त्यानंतर.

कमी दाबाने सीलंटचंही काम सोपं होतं. १०० ला ते भोकातून फवाऱ्यासारखं उडून जातं, ५०-६० ला थांबून गोठतं.

साताऱ्याची_सायकल

रिम हुकलेसच निघाली. टायर यादीत आहे, पाहिलं. २५ ची टेप मागवली आहे. रात्रपाळी दादांचा मुद्दा पटतो, रस्त्यात अंधारात काय करायचं ते अजून डोक्यात नीट बसलेलं नाही. ते कोणी क्रमाने सांगेल का?

रात्रपाळी

मी ट्यूबवाला असलो तरी सोबतच्यांची ट्यूबलेस चाकं रस्त्यात बरीच उघडली आहेत, म्हणून सांगतो.

फुस्स आवाज आला की थांबा, भोक शोधा, ते खाली येईल असं चाक फिरवून धरा म्हणजे सीलंट तिथे साचेल. बहुतेक तारा-काट्यांची भोकं इथेच बंद होतात. काटा रुतलाय पण हवा जात नाही असं दिसलं तर घरी पोचेपर्यंत उपसू नका. भोक बुजत नसेल तर सायकलचा बारीक प्लग दाभणाने आत ढकलायचा. मोटारसायकलच्या पंक्चरची जाड दोरी वापरू नका, २८ च्या टायरला ती फार मोठी होते आणि भोक वाढवते. हवा हातपंपाने भरा. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांडीने लॅटेक्सचं सीलंट गोठून जातं, तिचा वापर ट्यूब घातल्यावरच.

तेही नाही जमलं तर ट्यूब. आणि इथे सगळे फसतात. ट्यूबलेस टायरमध्ये आधीचे काटे, तारा गुपचूप बसलेल्या असतात, सीलंटने बुजवलेल्या, तुम्हाला त्यांचा पत्ताच नसतो. नवी ट्यूब घातली की पहिल्याच किलोमीटरला तीच तार तिला भोसकते. म्हणून आधी टायर आतून पूर्ण पुसा आणि रुमाल फिरवून चाचपडा, रुमाल अडकला की तिथे काहीतरी आहे. तारा काढायला भुवया कोरायचा चिमटा सोबत ठेवा. मग व्हॉल्व्ह काढा, तो हरवू नका, आणि ट्यूब घाला.

दोन ट्यूब, प्लग, चिमटा, व्हॉल्व्हची जादा सुई आणि ती काढायची किल्ली, हातमोज्यांची स्वस्त जोडी. एवढं असेल तर जा ट्यूबलेसवर. पण आधी घरी एकदा दिवे घालवून, फक्त डोक्यावरच्या टॉर्चच्या उजेडात मागचं चाक उघडून ट्यूब घालून पाहा.

साताऱ्याची_सायकल

टेप आली, सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. रात्रभर ट्यूबने दाबून ठेवल्याचा फरक टेपकडे बघूनच कळत होता, नाळेत एकही बुडबुडा नाही. रात्री ६० भरलं, सकाळी ५८. काल पसरणी चढून उतरून आले, ५५ आणि ६० वर. उतारावर हातांना बसणारे हादरे केवढे कमी झाले! रात्रपाळी दादा, अंधारातला सरावही झाला. कड सोडवताना दमछाक झाली, पण दोन्ही कडा आधी मधल्या नाळेत ढकलल्यावर लिव्हरशिवाय सुटली.

शेवटचं विचारते. हे सीलंट किती दिवस टिकेल?

गोदाकाठ

आपल्याकडे उन्हाळ्यात दोन महिने धरा, पावसाळ्या-हिवाळ्यात तीन. सायकल उन्हात उभी राहत असेल तर त्याहून लवकर वाळतं. चाक कानाशी धरून हलवा, आत पातळ काही डुचमळल्याचा आवाज आला पाहिजे. नाही आला तर व्हॉल्व्हची सुई काढून ३० मिली टाका. बीआरएमच्या आठवडाभर आधी एकदा टाकाच, आदल्या रात्री चाकाला हात लावू नका. हवा भरताना व्हॉल्व्ह अगदी खाली नको, घड्याळात चार किंवा आठ वाजतात त्या जागी ठेवा, नाहीतर सीलंट सुईत जाऊन तिथेच वाळतं.

रस्ता कोणता आहे बीआरएमचा? हायवे लांबलचक असेल तर डाव्या पट्टीच्या अगदी टोकाला जाऊ नका, तारांचा कचरा वाऱ्याने तिकडेच सरकतो.