ख्रिसमसच्या हॅमला चार सिउसारखं ग्लेझ कसं करायचं?

जर्सीची_जाई
मंडळी, यंदा ख्रिसमसचं जेवण आमच्याकडे आहे, नवऱ्याच्या ऑफिसातले लोक, शेजारी आणि पोरंसोरं धरून पंधराएक डोकी होतील आणि सगळ्यांना हॅमच हवंय. आता दरवेळी जिथे जावं तिथे तेच ते, ब्राऊन शुगर, वर अननसाच्या चकत्या आणि चकतीच्या मधोमध चेरी, मला तर ते जेवण कमी आणि वाढदिवसाचा केक जास्त वाटतं. चायनाटाउनमध्ये दुकानांच्या काचेमागे आकड्यांना टांगलेलं लालभडक चकचकीत चार सिउ, म्हणजे ते गोडसर भाजलेलं चिनी पोर्क, असतं ना, तसली चव हॅमला आणता येईल का? किती पौंडाचं घेऊ, हाडासकट की बिनहाडाचं, रात्रभर मॅरिनेट करू का आणि तो लाल रंग नक्की येतो कशाने? ओव्हन साधाच आहे. सासूबाई पोर्क खात नाहीत, त्यांच्यासाठी भरीत-भाकरी ठरलीये, त्यामुळे तो विषय बंद.

भुक्कड_भटक्या
सोप्पंय की, सोया सॉस, होयसिन (तो घट्ट गोडसर चिनी सॉस), लसूण, मध, फाइव्ह स्पाइस मसाला सगळं एकत्र करून हॅम रात्रभर त्यात बुडवून ठेव आणि सकाळी ओव्हनमध्ये ढकल. चार सिउ असंच करतात.

खारट_गोड
भुक्कडराव, चार सिउ असंच करतात हे खरं, पण ते कच्च्या मांसाचं. खांद्याचं चरबीवालं पोर्क लांब पट्ट्यांत कापायचं म्हणजे मसाला आत शिरतो. सुपरमार्केटातलं हॅम म्हणजे डुकराची मागची तंगडी, ती आधीच खारवलेली, धुरावलेली आणि बहुतेक वेळा पूर्ण शिजवलेली असते. तिच्यात आणखी काही मुरवायला जागाच नाही, वरून सोया सॉसमध्ये ठेवलं तर पाहुणे रात्रभर पाणी पीत बसतील.

जाई, त्यामुळे मॅरिनेट नको, सगळी करामत शेवटच्या अर्ध्या तासातली. हाडासकट घे, माणशी अर्धा ते पाऊण पौंड धर, म्हणजे ९-१० पौंडाचं पुरतं. पाकिटावर 'फुली कुक्ड' लिहिलंय ना एवढं नक्की बघ, कारण न शिजवलेलंही मिळतं आणि त्याचा हिशोब वेगळा, ते आत १४५ फॅरनहाइटपर्यंत न्यायचं आणि निदान ३ मिनिटं तसंच ठेवायचं. शिजवलेलं सीलबंद हॅम फक्त गरम करायचंय, आत १४० झालं की बास. ओव्हन ३२५ वर, ट्रेमध्ये कपभर पाणी, वरून फॉइल घट्ट, साधारण पौंडाला १५ मिनिटं. पण घड्याळावर विसंबू नकोस, थर्मामीटर घे आणि तो हाडाला टेकवू नकोस, आकडा चुकीचा दाखवतो.

ग्लेझ, म्हणजे वरून फासायचा चकचकीत लेप: अर्धा कप होयसिन, पाव कप मध, २ चमचे ब्राऊन शुगर, २ चमचे शाओशिंग वाइन (चिनी तांदळाची वाइन, नसेल तर ड्राय शेरी), १ चमचा राइस व्हिनेगर, किसलेलं आलं, लसूण आणि छोटा चमचाभर फाइव्ह स्पाइस. सोया सॉस फार तर एक चमचा, मी तर घालतच नाही, होयसिनमध्ये मीठ असतंच. मंद आचेवर चमच्याला चिकटेल इतपत आटव. आत १२० च्या आसपास आलं की फॉइल काढ, चरबीवर सुरीने चौकटी पाड, ग्लेझ फास, ओव्हन ४०० वर ने आणि दर दहा मिनिटांनी नवा हात मार. आधीपासून लावलंस तर साखर जळून कडू होते.

रंग पूर्वी लाल यीस्टच्या तांदळाने किंवा तो घालून आंबवलेल्या लाल टोफूने यायचा, हल्ली बऱ्याच दुकानांत सरळ खाण्याचा रंग घालतात. चायनीज दुकानात बरणीत तो लाल टोफू मिळतो, त्यातला एक चौकोन ग्लेझमध्ये कुस्करून टाक. तो भलताच खारट असतो, तेव्हा मग सोया सॉस अजिबातच नको.

वसईकरीण
आमच्याकडे नाताळाला पोर्क असतंच पण अख्खं हाडाचं हॅम शोधत फिरावं लागतं, त्यामुळे मी हेच ग्लेझ ताज्या खांद्याच्या मांसाला लावते आणि तिथे मात्र भुक्कडदादांची रात्रभरची आयडिया एकदम बरोबर बसते. फाइव्ह स्पाइस घरीच करते, चक्रीफूल, लवंग, दालचिनी, बडीशेप आणि पाचवी सिचुआन मिरी. ती नाही मिळाली तर आपलं तिरफळ, दोन्ही एकाच कुळातली झाडं. फक्त बिया काढून नुसती सालं घ्यायची आणि हात आखडता ठेवायचा, वास उग्र असतो.

जर्सीची_जाई
खारट_गोड, खूप खूप आभार! पण घोळ असा की सेलमध्ये होतं म्हणून नवऱ्याने आजच स्पायरल कट आणलंय, आधीच चकत्या पाडलेलं, आत ग्लेझचं पाकीटही आहे. चालेल ना? आणि एका रेसिपीत माल्टोज (तो घट्ट चिकट गोड पाक) लिहिलंय ते लागतंच का? घरात कोल्हापूरहून आलेली काकवी आहे, ती चालेल का मधाऐवजी?

खारट_गोड
चालेल, पण स्पायरलचा वैताग हा की चकत्यांमधून रस निघून जातो आणि मांस भुशासारखं होतं. कापलेली बाजू खाली ठेव, फॉइल जास्तच घट्ट लाव, पौंडाला १०-१२ मिनिटांपासूनच तपासायला लाग. शेवटी ४०० वर नेऊ नकोस, ३५० पुरे. ग्लेझही जरा पातळ ठेव म्हणजे चकत्यांच्या फटींत उतरेल, तसं बघता तुला हवं होतं ते आतपर्यंत चव जाणं इथे आयतंच मिळतंय. ते पाकीट फेकून दे.

माल्टोजने ती काचेसारखी चमक येते, मधाइतकं गोडही नसतं, पण बरणीतून निघता निघत नाही, चमचा ओला करून काढावं लागतं. मधावर भागतं. काकवी निम्मी चालेल, निम्मा मध हवाच, नुसत्या काकवीने रंग काळपट होईल आणि फाइव्ह स्पाइसचा वास दबेल.

वसईकरीण
जाई, उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाक, तीन-चार दिवस राहतं. बारीक तुकडे फ्राइड राइसमध्ये मस्त लागतात. आणि हाड टाकू नकोस हां, तांदूळ, भरपूर पाणी आणि आल्याचे तुकडे घालून तासदीड तास मंद उकळ, कॅन्टनवाल्यांची पेज होते, आपल्यापेक्षा घट्ट. वरून कांद्याची पात. मीठ अगदी शेवटी चव बघून, बहुतेक लागणारच नाही.