मदत हवी आहे: गोल्ड-फिल्ड (सोन्याचा जाड पत्रा चढवलेल्या) भंगारातलं सोनं विजेच्या सेलमध्ये सुटत नाही

जुन्या चष्म्याच्या फ्रेमा आणि घड्याळाचे पट्टे मिळून ४०० ग्रॅम माल आहे, सगळ्यावर '१/२० १२ कॅरट जीएफ' शिक्का, म्हणजे गोल्ड-फिल्ड, वजनाचा विसावा भाग १२ कॅरट सोनं. त्या हिशेबाने जास्तीत जास्त १० ग्रॅम शुद्ध सोनं, झीज वजा जाता कमीच.

सेल म्हणजे विजेने वरचं सोनं सोडवायचं भांडं: संहत सल्फ्युरिक ॲसिड, शिशाची कॅथोड (ऋण टोक) पट्टी, माल ठेवायला तांब्याच्या जाळीचा ॲनोड (धन टोक), ६ व्होल्ट. मुलामा दिलेल्या पिना मिनिटभरात साफ होतात, तळाला काळी भुकटी बसते. पण या फ्रेमा वीस मिनिटांनीही पिवळ्याच! सोनं सुटून संपलं की करंट उतरतो, तो उतरत नाही, ॲसिड मात्र तापतं. स्क्रू, काचा, स्टीलच्या स्प्रिंगा आधीच काढल्यात. काम उघड्यावर, हातमोजे-मास्क घालूनच करतो.

नायट्रिक ॲसिड मोजकंच आहे, म्हणून विचारतो: इतका जाड थर सेलमध्ये सुटतो का, की तुकडे करून आतलं पितळच नायट्रिकमध्ये विरघळवावं?