मदत हवी आहे: एलएफएस बूट होताना कर्नल पॅनिक, एनव्हीएमई डिस्क दिसतच नाही

एलएफएस म्हणजे लिनक्स फ्रॉम स्क्रॅच (सोर्सपासून स्वतः बांधलेलं लिनक्स) १२.२, सिस्टिमडीवाली आवृत्ती, कर्नल (सिस्टिमचा गाभा) ६.१०.५. सगळं कंपाइल झालं, पण शेवटच्या पायरीवर अडकलोय. ग्रबमधून (बूट मेनू) एन्ट्री निवडली की लगेच पॅनिक, म्हणजे कर्नल चूक दाखवून थांबतो: ‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’. त्याच्या वर ‘लिस्ट ऑफ ऑल पार्टिशन्स’ असं येतं आणि खाली काहीच नाही. म्हणजे फाइलसिस्टिमपर्यंत गाडी पोचतच नाहीये, कर्नलला डिस्कच सापडत नाही, असा माझा कयास.

आधी रूटला (मुख्य पार्टिशन) यूयूआयडी, म्हणजे फाइलसिस्टिमचा ओळख क्रमांक, दिला होता. इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी तात्पुरती फाइलसिस्टिम) नसताना तो चालत नाही हे नंतर कळलं. आता पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) आहे, ब्लकआयडी कमांडच्या आउटपुटशी ताडून पाहिलाय. ईएक्सटी४ (फाइलसिस्टिम) आणि एनव्हीएमई (एसएसडी डिस्क) दोन्हींचे ड्रायव्हर कर्नलमध्येच बिल्ट-इन, वेगळी मॉड्यूल नाहीत. रूटवेट (डिस्क दिसेपर्यंत थांबायला सांगणारा बूट पर्याय) लावलं तर पॅनिक येत नाही, नुसता वाट बघत बसतो. नवी कर्नल इमेज बूट फोल्डरमध्ये कॉपी केली का, तर हो, तारीख तपासली. (तो गाढवपणा एकदा करून झालाय.)

लॅपटॉप अकराव्या पिढीच्या इंटेलचा. होस्ट उबुंटू त्याच डिस्कवरून नीट उठतो आणि तिथे एलएसमॉडमध्ये (चालू मॉड्यूलची यादी) व्हीएमडी दिसतं, म्हणजे एनव्हीएमई डिस्क ज्याच्या मागे असते त्या इंटेलच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर. माझ्या कॉन्फिगमध्ये ते बंद आहे. बायोसमधून व्हीएमडीच बंद करता येईल, पण शेजारी विंडोज आहे, बायकोचं ऑफिसचं काम त्यावर चालतं. ते उठेनासं झालं तर माझी धडगत नाही. इनिटरॅमएफएसही शक्यतो नको.

तर मेनूकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय निवडायचा मेनू) पीसीआय कंट्रोलरखालचं व्हीएमडी बिल्ट-इन केलं की पुरे, की त्यासोबत आणखी काही चालू करावं लागतं?