बजरीगरची मादी पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसली आहे

प्रश्न: दुकानात लव्हबर्ड म्हणून मिळालेली जोडी बजरीगरची आहे. मादीने परवा पहिलं अंडं घातलं, दुसरं नाही. सकाळपासून पिसं फुगवून तळाशी बसली आहे, शेपटी वरखाली हलते. खायला फक्त राळा. काय करू?

प्रतिसाद १: अंडं अडकलंय असं धरूनच चला. बजरीगर साधारण दिवसाआड अंडं घालते. पोट अजिबात दाबू नका, अंडं आत फुटलं तर जीव जातो. तिला लहान खोक्यात ठेवून एका बाजूला ४० वॅटचा तापणारा, तारेचा पिवळा बल्ब लावा. आत २९-३० अंश तापमान हवं, दुसरी बाजू थोडी थंड, म्हणजे उकडलं तर ती सरकेल. शेजारी ओलं फडकं ठेवा. ही फक्त वाटेतली सोय. पक्ष्यांच्या डॉक्टरकडे आजच न्या, कॅल्शियमचं इंजेक्शन लागू शकतं.

प्रतिसाद २: मूळ राळ्यात आहे. बियांत कॅल्शियम नगण्य आणि ड-३ जीवनसत्त्व नाही. कवच मऊ राहतं, स्नायूंना जोर येत नाही. समुद्रफेस, म्हणजे माकुळाचं कॅल्शियमने भरलेलं पांढरं हाड, कायम टांगून ठेवा. कोथिंबीर, मेथी द्या. पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. काचेतून येणाऱ्या उन्हाचा ड-३ साठी उपयोग नाही, खिडकी उघडी हवी, पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत.

प्रतिसाद ३: नर आत्ताच वेगळा करा. बरी झाल्यावर अंड्यांची पेटी काढा आणि दिवसाचा उजेड ८-१० तासांवर आणा, नाहीतर ती पुन्हा अंड्यांवर येईल. वर्षाला दोन विणी पुरेत.