मदत हवी आहे: जपानहून आणलेल्या, मॉडिफाय केलेल्या सिव्हिकचा विमा (यूके)

नमस्कार मंडळी,

मी मूळचा पिंपरीचा, सध्या कॉव्हेंट्रीत. गेल्या महिन्यात १९९८ ची होंडा सिव्हिक टाइप आर, म्हणजे ईके९ (होंडाचा मॉडेल कोड), घेतली. ही गाडी होंडाने फक्त जपानात विकली. १.६ लिटरचं इंजिन, टर्बो नाही, तरी १८५ पीएस ताकद. कॉलेजात असल्यापासून हिच्यावर जीव आहे, बरीच वर्षं पैसे बाजूला टाकले. आता सॉर्न (गाडी रस्त्यावर चालवत नसल्याची सरकारी नोंद) जाहीर करून गॅरेजात उभी आहे, कारण परवडेल असा विमाच मिळत नाहीये.

विम्याच्या दरांची तुलना करणाऱ्या साइट्सवर गाडीचा नंबर टाकला की एकतर मॉडेल सापडत नाही, नाहीतर इथली साधी सिव्हिक समोर येते. ती निवडली तर कोट स्वस्त येतो, पण ती माझी गाडी नाही. फोनवर खरं सांगितलं तर दोन विमा कंपन्यांनी सरळ नकार दिला, तिसरीने ३,१०० पौंड सांगितले. माझं वय ३४, आजवर एकही क्लेम नाही. भारतात ११ वर्षं गाडी चालवली, पण भारतीय परवाना इथे पहिले १२ महिनेच चालतो आणि बदलून मिळत नाही. परीक्षा देऊन घेतलेला इथला परवाना दोनच वर्षांचा.

खरी अडचण मॉडिफिकेशनची. कॉइलओव्हर (गाडीची उंची कमी-जास्त करता येणारं स्प्रिंग-शॉक सस्पेन्शन), एक्झॉस्ट आणि चाकं जपानमधल्या आधीच्या मालकाने बदललेली. पावत्या नाहीत, फक्त लिलावाचा जपानी कागद. आत आणखी काय बदललंय ते मी कुठून सांगणार? मागचा फॉग दिवा आणि मैलांचा स्पीडोमीटर तर इथल्या नियमांसाठीच आयात करणाऱ्याने बसवला, तेही कळवायचं का? ऑफिसातला एक जण म्हणाला, काही बोलूच नकोस. ते मला करायचं नाही.

प्रतिसाद:
सगळं सांगा, फॉग दिव्यासकट. २०१२ च्या ग्राहक विमा कायद्याप्रमाणे निष्काळजीपणाने चुकीची माहिती दिली तर क्लेमची रक्कम कापू शकतात, मुद्दाम लपवलंत तर पॉलिसीच रद्द ठरवू शकतात.

मी लेस्टरला, माझ्याकडे आयात केलेली सुबारू आहे. साइट्स सोडा आणि ब्रोकरला फोन करा. ॲड्रियन फ्लक्ससारखे काही जण अशा गाड्यांचा विमा करतात. त्याआधी होंडाची माहिती असलेल्या मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर चढवा, जे दिसेल ते त्याच्याकडून लेखी घ्या. रोज वापरणार नसाल तर वर्षाला ३,००० मैलांची मर्यादा मागा, माझा हप्ता त्यानेच सर्वात जास्त उतरला. थॅचमची (गाड्यांची सुरक्षा तपासणारी इथली संस्था) मान्यता असलेला ट्रॅकरही बसवा, या गाड्यांवर चोरांचा डोळा असतो.

आणि स्वस्त पडते म्हणून बाजारभावाची पॉलिसी घेऊ नका. 'ॲग्रीड व्हॅल्यू', म्हणजे गाडीची आधीच मान्य केलेली किंमत, लेखी ठरवून घ्या. नाहीतर गाडी गेली तर पंचवीस वर्षांपूर्वीची जुनी सिव्हिक म्हणून किंमत लावतील आणि तुम्ही भांडत बसाल. अपघात झाला तर बदललेले पार्ट तसेच परत मिळणार की कंपनीचे साधे, हेही फोनवरच विचारा.

मूळ लेखक:
मनापासून आभार. ऑफिसला बसने जातो, त्यामुळे ३,००० मैल पुरतील. शनिवारी गाडी लिफ्टवर घेतो. अजून एक: कॉइलओव्हर काढून मूळ स्प्रिंग बसवले तर हप्ता खरंच उतरतो का? ईके९ चे मूळ स्प्रिंग शोधून आणावे लागतील, म्हणून आधी विचारतोय. कुणी असं केलं असेल तर आधीचा आणि नंतरचा आकडा सांगा.