मदत हवी आहे: युद्धकाळात सरकारची सत्ता, विरोधी बाजूचे मुद्दे पाहिजेत (घाई आहे)

कास्तकाराचा_पोरगा
नमस्कार मंडळी. शनिवारी वादविवाद आहे, मी विरोधी बाजूनं बोलतोय. युद्ध आणि सरकारचे अधिकार हा विषय. लिबर्टेरियन लोक (सरकारची सत्ता कमीत कमी असावी म्हणणारे) यावर काय म्हणतात ते पाहिजे. नेटवर सगळं अमेरिकेचंच सापडते, आमच्या गावात व्हिएतनाम सांगून कोण ऐकणार? भारतातलं द्या. लवकर सांगा, लोडशेडिंग सुरू आहे.

लोणारकर
ठराव काय आहे? विरोधी म्हणजे ठरावाच्या विरोधात की सरकारच्या? वेळ किती, परीक्षक कोण?

लाल_बिल्ला
शरद जोशींपासून सुरू कर भाऊ. सरकार हीच समस्या आहे, हे त्यांनी आपल्या कापूसवाल्यांना शिकवलं. १९५१ ची पहिली घटनादुरुस्ती, नववं परिशिष्ट (कोर्टात आव्हान देता येऊ नये म्हणून कायदे टाकायची घटनेतली यादी), जमिनीचं सीलिंग, आवश्यक वस्तू कायदा हे सगळं घे. शेतकऱ्यावर सरकारनं पुकारलेलं युद्ध हेच खरं युद्ध.

लोणारकर
लाल_बिल्ला, त्यानं खऱ्या युद्धाचं विचारलंय. नववं परिशिष्ट जमीन सुधारणांसाठी आलं, त्याचा लढाईशी संबंध नाही. आवश्यक वस्तू कायद्याचा मात्र आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी भारत संरक्षण नियमांखाली धान्य-कापडावर नियंत्रण आणलं. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये 'तात्पुरता' कायदा केला आणि १९५५ मध्ये तेच अधिकार कायमच्या कायद्यात आले.

माजी_फौजी
मी फौजेत होतो, म्हणून बोलून राह्यलो. चीन अंगावर आला तेव्हा चर्चा करत बसायचं होतं काय? सरकारच नको म्हणणाऱ्यायनं सीमेवर एक रात्र काढून पाहावी.

लोणारकर
सरकारच नको, असं सगळे म्हणत नाहीत काका. अमेरिकन लेखिका आयन रँडच्या मते सैन्य, पोलीस आणि न्यायालय ही सरकारचीच कामं. अर्थतज्ज्ञ मरे रॉथबार्डला तेवढंही मान्य नव्हतं. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमननं सक्तीच्या लष्करभरतीला विरोध केला, सैन्याला नाही. अमेरिकेत ती भरती १९७३ मध्ये थांबली. आपली फौज तर पहिल्यापासून स्वखुशीची.

सोयाबीन_२२
कोणी सांगेल का, यंदा सोयाबीन ठेवावं की विकावं?

कास्तकाराचा_पोरगा
ते दुसऱ्या धाग्यावर विचारा न भाऊ. ठराव असा: "युद्धकाळात सरकारचे अधिकार अमर्याद असावेत." पाच मिनिटं आहेत. वाचनालयात कार्यक्रम, परीक्षकांत एक रिटायर सुभेदार.

लोणारकर
हे आधी सांगायचं होतं! सुभेदारांपुढे युद्ध वाईट असतं म्हणू नको. अधिकार युद्धाबरोबर संपत नाहीत, एवढाच एक मुद्दा घट्ट धर. २६ ऑक्टोबर १९६२ ला आणीबाणी लागली. २१ नोव्हेंबरला चीननं युद्धबंदी केली. आणीबाणी उठली १० जानेवारी १९६८ ला. लढाई महिनाभराची आणि अधिकार पाच वर्षांवर! १९७१ चंही तसंच. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, पण ३ डिसेंबरची आणीबाणी मार्च १९७७ पर्यंत उठली नाही. रॉबर्ट हिग्ज या अमेरिकन अर्थतज्ज्ञाचा सिद्धांत हाच आहे. संकटात सरकार वाढतं, संकट सरल्यावर थोडं उतरतं, पण पहिल्या जागी येत नाही.

पुलगावची_सून
आमच्या पुलगावच्या फौजेच्या दारूगोळा डेपोत २०१६ ला आग लागली तेव्हा रात्रीतून गावं खाली केली होती. तेव्हा हुकूम सोडणारं कोणी नसतं तर? हे पण बोल.

माजी_फौजी
हेच मी म्हणून राह्यलो.

लाल_बिल्ला
त्या रात्रीचा हुकूम त्या रात्रीपुरता होता ताई. पोराचा मुद्दा तोच आहे.

बागेसरी
सोन्याचं कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. आम्ही सोनार, यवतमाळ जिल्ह्यातले. चीनच्या लढाईनंतर १९६३ मध्ये भारत संरक्षण नियमांखालीच सुवर्ण नियंत्रण आलं. चौदा कॅरेटच्या वरचा नवा दागिना घडवायचा नाही. आमच्या आजोबांनी बागेसरी (सोनाराची शेगडी) विझवली, फुंकणी आणि चिमटे फडक्यात बांधून माळ्यावर टाकले आणि दुसऱ्याच्या वावरात निंदणाला गेले. गावात चौदा कॅरेटचं मंगळसूत्र कोण घेणार? पुढं १९६८ मध्ये त्याचा स्वतंत्र कायदा झाला, तो रद्द झाला १९९० मध्ये. आजोबा तोवर गेले होते. लढाईला पैसा लागतो हे त्यांनाही समजत होतं, पण लढाई संपल्यावर त्यांचा धंदा त्यांना परत द्यायला कोणी आलं नाही. हे जरूर सांगा दादा, गावोगावी अशी घरं आहेत.

वाशीमकर
सोनं घेताना हॉलमार्क आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) तपासूनच घ्या.

माजी_फौजी
ताई, हे मले माहीत नव्हतं. पण पोरा, दुसरी बाजू चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती काढीन. १९७८ मध्ये संसदेनंच अधिकार कमी केले, आता आणीबाणीतही जगण्याचा हक्क काढून घेता येत नाही. त्याचं उत्तर तयार ठेव.

लोणारकर
काका, तो मुद्दा तर त्याच्याच बाजूचा आहे. अमर्याद अधिकार ठीक असते, तर संसदेला मर्यादा कशाला घालावी लागली असती?

माजी_फौजी
हां, बरोबर. मग सुभेदारासमोर असं बोल, की फौजेले जे लागते ते द्या, पण कागदावर शेवटची तारीख टाका. आम्हालेही सुट्टी तारीख टाकूनच भेटे.

कास्तकाराचा_पोरगा
सोन्याचं आणि दोन्ही आणीबाण्या घेतो. मिसा कायदा (खटल्याविना अटकेचा) पण ७१ च्या युद्धामुळं आला असं म्हणू काय?

लोणारकर
नको. तो जुलै १९७१ चा, युद्ध डिसेंबरात. तिथंच पकडतील.