मदत हवी आहे: तुटलेली नस भरून येताना प्रतिकारपेशी नेमके काय करतात?

मृणाल_वाई:

नमस्कार. माझ्या मामेभावाच्या उजव्या मनगटाला खिडकीची काच लागून करंगळीच्या बाजूची, म्हणजे अल्नर, नस पूर्ण तुटली. शस्त्रक्रिया वेळेवर झाली, सूक्ष्मदर्शकाखाली नसेची दोन्ही टोके जुळवून टाके घातले गेले आणि वरची जखमही आता भरली आहे. त्यानंतर शल्यचिकित्सकांनी जे सांगितले त्याने मात्र घरातले सगळेच गोंधळले आहेत. टाक्यापासून बोटांकडे जाणाऱ्या भागातले तंतू आधी मरणार, त्यांचे अवशेष शरीराच्या प्रतिकारपेशी खाऊन टाकणार, आणि मग वरच्या बाजूने नवे तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने खाली उतरणार, असे ते म्हणाले. त्यावर मामीने विचारले, "मग टाके घातले तरी कशाला?" याचे उत्तर आमच्यापैकी कोणालाच देता आले नाही.

माझी स्वतःची अडचण थोडी वेगळी आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण वाढले, तेव्हा आपल्याच प्रतिकारपेशी नसांवर हल्ला करतात असे आपण सर्वांनी वाचले. मग त्याच पेशी मामेभावाच्या हातात दुरुस्तीचे काम कशा करतील? तसे असेल तर पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला इजा झालेली माणसे याच पेशींच्या मदतीने बरी का होत नाहीत? आणि सूज हा जर दुरुस्तीचाच भाग असेल, तर सूज उतरवणारी औषधे घेतल्याने नुकसान होते का? जाणकारांनी सविस्तर लिहावे. उपचार सुरू आहेत, त्यामुळे काढे आणि लेप कृपया सुचवू नयेत.

निवृत्त_शरीररचना:

मृणालताई, आपल्या मामींचा प्रश्न नेमका आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. टाके नसेच्या बाहेरच्या आवरणाला घातलेले असतात. आतल्या हजारो तंतूंना टाके घालणे कोणालाही शक्य नाही. यातील प्रत्येक तंतू मानेच्या भागातील मज्जारज्जूत किंवा त्याच्या लगतच्या गंडिकेत, म्हणजे चेतापेशींच्या गाठीत, असलेल्या एखाद्या चेतापेशीतून निघालेला असतो आणि तिच्यापासून तुटलेला तुकडा फार काळ जगू शकत नाही. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हा ऱ्हास दाखवला आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. टाक्यांमुळे साधते ते एवढेच, की वरून येणाऱ्या नव्या तंतूंना खालच्या भागातील जुन्या नळ्या, म्हणजे मेलेल्या तंतूंची रिकामी आवरणे, समोरच सापडतात. हे 'एवढेच' फार मोठे आहे, कारण दोन टोकांत अंतर राहिले तर कित्येक तंतू वाट चुकून तेथेच गुंता करून बसतात.

आता या नळ्यांमधली साफसफाई. तंतूभोवती मायलिनचे आवरण तयार करणाऱ्या श्वान पेशी इजा होताच आपले नेहमीचे काम सोडतात, स्वतःचेच मायलिन मोडायला लागतात आणि काही रासायनिक संदेश सोडून रक्तातील मोनोसाइट पेशींना बोलावतात. न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी लवकर येऊन थोड्या दिवसांत निघून जातात. मोनोसाइट दोन-तीन दिवसांत नसेत शिरू लागतात, तेथे त्यांचे मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, बनतात आणि पुढचे काही आठवडे त्या मायलिनचा चुरा गिळत राहतात. हा चुरा नुसता अडगळ म्हणून पडलेला नसतो. त्यातील काही प्रथिने वाढणाऱ्या तंतूच्या टोकाला प्रत्यक्ष थांबवतात. तो गेल्यावर श्वान पेशी नळीत रांगेने उभ्या राहतात आणि नवा तंतू त्यांच्या अंगावरून पुढे सरकतो.

साफसफाईला उशीर झाला तर काय होते, हे एका उंदराने योगायोगानेच दाखवून दिले. १९८९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी अशा एका जातीच्या उंदरांचे वर्णन केले, की ज्यांच्या नसेचा तुटलेला भाग दोन दिवसांऐवजी दोन आठवडे शाबूत राहत असे. वरकरणी ही चांगलीच गोष्ट वाटेल. प्रत्यक्षात त्या नसेत भक्षक पेशी उशिरा आणि कमी आल्या, आणि नव्या तंतूंची वाढही रखडली.

भक्षक पेशींचे काम खाण्यावर संपत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील ॲलिसन लॉइड यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलेली गोष्ट मला आजही थक्क करते. नसेच्या दोन टोकांमधल्या फटीत रक्तपुरवठा नसल्याने ऑक्सिजन कमी असतो. ही कमतरता मुख्यतः मॅक्रोफेज ओळखतात आणि रक्तवाहिन्यांना वाढवणारे प्रथिन सोडतात. त्यामुळे फटीच्या आडव्या दिशेने नव्हे तर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बारीक रक्तवाहिन्या तयार होतात, त्यांच्यावरून श्वान पेशी पलीकडे जातात आणि श्वान पेशींच्या मागोमाग तंतू जातात. हे प्रयोग उंदीर-घुशींच्या नसांवरचे आहेत, हे मात्र ध्यानात ठेवावे.

जीबीएसमध्येही नसेत शिरणाऱ्या पेशी मॅक्रोफेजच असतात. फरक त्यांना कोण बोलावते यात आहे. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूच्या पृष्ठभागावरील काही रेणू आपल्या नसांवरील रेणूंसारखे दिसतात, त्यामुळे जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे धडधाकट नसेला चिकटतात आणि भक्षक पेशींना भलताच पत्ता देतात. आपल्या भावाच्या मनगटात तो पत्ता श्वान पेशींनी दिलेला आहे आणि तो बरोबर आहे. शिवाय जीबीएसचा हल्ला ओसरल्यावर पडलेला चुरा साफ करण्याचे कामही याच पेशी करतात, आणि बहुतेक रुग्ण हळूहळू पुन्हा चालू लागतात.

मज्जारज्जूचा प्रश्न अवघड आहे. तेथे श्वान पेशी नसतात. मायलिन तयार करणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी साफसफाईत भाग घेत नाहीत, मायक्रोग्लिया या स्थानिक प्रतिकारपेशी सावकाश काम करतात आणि मायलिनचे अवशेष महिनोन् महिने, माणसांत तर वर्षानुवर्षे, पडून राहतात. १९८१ मध्ये मॉन्ट्रियलला सॅम्युअल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी उंदरांच्या पायाच्या नसेचा तुकडा पूल म्हणून जोडला, तेव्हा मज्जारज्जूतील चेतापेशींचे तंतू त्यातून लांबवर वाढले. म्हणजे वाढण्याची क्षमता होती, परिसर प्रतिकूल होता. मग बाहेरून भक्षक पेशीच नेऊन सोडल्या तर? इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील मिशल श्वार्ट्झ यांच्या गटाने १९९८ मध्ये नेमके हेच केले आणि मज्जारज्जू कापलेल्या उंदरांच्या मागच्या पायांत काही हालचाल परत आली. पुढे हाच उपचार माणसांवर तपासला गेला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत मात्र उपचार घेतलेल्या रुग्णांना कोणताही लाभ दिसला नाही. त्यामुळे 'पेशी टोचून मणक्याची इजा बरी करतो' अशी जाहिरात दिसली तर पैसे देण्यापूर्वी हा निकाल आठवावा. माझे मत असे, की भक्षक पेशी मज्जारज्जूत जाऊन उपयोगी पडत नाहीत असे नाही, पण तेथील परिसर त्यांना लवकरच दाह वाढवणाऱ्या स्वभावाकडे ढकलतो आणि तो परिसर कसा बदलावा हा खरा प्रश्न आहे.

औषधांबाबत थोडक्यात. बेल्स पाल्सीत, म्हणजे चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडते त्या आजारात, पहिल्या ७२ तासांत प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारे स्टिरॉइड दिल्याने फायदा होतो, कारण तेथे नस तुटलेली नसते, ती हाडाच्या अरुंद बोगद्यात सुजून दबलेली असते. जीबीएसमध्ये त्याच स्टिरॉइडचा उपयोग होत नाही. तेव्हा 'सूज चांगली' किंवा 'सूज वाईट' असे सरसकट म्हणता येत नाही. आपल्या भावाला जे लिहून दिले आहे ते या चर्चेवरून परस्पर बंद करू नये. शंका शल्यचिकित्सकांनाच विचारावी.

मृणाल_वाई:

सर, मनःपूर्वक आभार. तुमचा पहिला परिच्छेद मामीला वाचून दाखवला; टाके आवरणाला असतात हे कळल्यावर तिचे समाधान झाले. आणखी एकच विचारते. आत तंतू खरोखर पुढे सरकत आहेत की नाही, हे बाहेरून कळण्याचा काही मार्ग आहे का? करंगळीत अजून काहीच संवेदना नाही आणि भाऊ धीर सोडू लागला आहे.

हस्त_फिजिओ:

ताई, मार्ग आहे आणि त्याला यंत्र लागत नाही. आमच्याकडे बोटाच्या टोकापासून मनगटाकडे, नसेच्या रेषेवर हलकेच टिचक्या मारत जातात. ज्या जागी करंगळीकडे झिणझिण्या उठतात, तेथपर्यंत नव्या तंतूंची टोके पोचली आहेत असे मानतात. जूल्स टिनेल यांनी १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिक तपासताना, हे लक्षण नोंदवले. दर महिन्याला ती जागा टाक्यापासून किती अंतरावर आहे ते मोजून वहीत लिहावे. आकडा वाढत असेल तर काम चालू आहे. दोन-तीन महिने तो तसाच राहिला तर मात्र शल्यचिकित्सकांना लगेच दाखवावे. मनगटापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर पाहता, सुरुवातीचे काही आठवडे सोडून, सहा महिने तरी लागणारच, त्यामुळे आज बोटात संवेदना नसणे हे अपयशाचे लक्षण नाही.

तोपर्यंत बोटे वाकडी राहू नयेत म्हणून दिलेला स्प्लिंट नियमित वापरावा आणि सांधे दुसऱ्या हाताने रोज हलवावेत, कारण तंतू पोचले आणि सांधे आखडलेले असले तर उपयोग होत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गरम पातेले, चहाचा कप, इस्त्री यांपासून करंगळीची बाजू जपावी. तेथे चटका बसलेला कळत नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत भाजलेली करंगळी आधी घरच्यांनाच दिसते.